लकव्यानंतर खांदा दुखू नये म्हणून: हात ओढू नका

लकवा मारल्यावर सुरुवातीचे काही आठवडे हात लुळा असतो. खांद्याची वाटी मुळातच उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात टिकतो तो स्नायूंच्या जोरावर. स्नायू सैल पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून पाहा. बोटभर खाच लागली, तर सांधा खाली उतरला आहे. नुसती खाच दुखतेच असं नाही. अशा सैल सांध्याला हिसका बसला की दुखणं मागे लागतं, आणि तो हिसका बहुतेकदा मदत करणाऱ्या घरच्याच माणसाकडून बसतो.

म्हणून आधी उठवण्याची पद्धत बदला. हात धरून ओढणं बंद, काखेत हात घालून उचलणंही बंद. पेशंटला चांगल्या कुशीवर वळवा, पाय बाजेच्या कडेवरून खाली सोडा, एक हात पाठीच्या फऱ्यामागे (खांद्यामागच्या चपट्या हाडामागे) लावा आणि दुसऱ्या हाताने कंबर सांभाळत बसवा. उभं करताना कमरेला दुपट्टा घट्ट बांधा. समोर उभे राहून दोन्ही बाजूंनी दुपट्टाच धरा, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवा आणि त्यांना पुढे झुकवून उठवा. बाजेला झोळ आला असेल तर कसून घ्या, नाहीतर दिवाणावर झोपवा. झोळात खांदा दुमडून राहतो.

दवाखान्यात नेताना दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवलं, तर लुळा हात लोंबकळतो आणि खड्ड्याखड्ड्याला सांध्याला हिसके बसतात. ऑटो सांगा, आणि हात मांडीवरच्या उशीवर ठेवा.

निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सकाळीच वावरात जातात आणि पेशंट दिवसभर खुर्चीत एकटा असतो. निघण्यापूर्वी लुळ्या हाताखाली घट्ट भरलेली उशी द्या. कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात टेकलेला हवा आणि मनगट कोपराच्या खाली जायला नको. उताणं झोपवताना उशी फऱ्यापासून हातापर्यंत घाला, तळवा वरच्या बाजूला ठेवा. लुळ्या कुशीवरही झोपता येतं, पण फरा हलकेच पुढे घेऊन, म्हणजे भार खांद्याच्या टोकावर येत नाही. कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना तो शेवटी. समोर बटणं असलेला सदरा किंवा ब्लाउज बरा पडतो.

झोळी, म्हणजे गळ्यात अडकवलेला दुपट्टा, फक्त उभं राहताना आणि चालताना वापरा. दिवसभर ठेवली तर हात छातीशी दुमडलेलाच आखडतो, आणि आखडलेला खांदा पुढे सैल करणं फार कठीण जातं.

व्यायाम दिवसातून दोनदा, प्रत्येकी ८–१० वेळा. पेशंटला उताणं झोपवा. एक हात फऱ्याखाली, दुसऱ्याने कोपर आणि मनगट पेला. आधी फरा हळूच पुढे सरकवा, मगच अंगठा वर ठेवून हात उचला, तोही खांद्याच्या उंचीपर्यंतच. दुखलं की तिथेच थांबा. छताच्या कडीला दोर टाकून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम कुणी कितीही आग्रहाने सांगितला तरी करू नका. हात वर जातो पण फरा सोबत फिरत नाही, आणि मधले स्नायू दोन हाडांत चेपले जातात.

तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. मात्र ‘सांधा बसवून देतो’ म्हणणाऱ्याला खांद्याला हात लावू देऊ नका. शेकताना फडकं आधी आपल्या मनगटावर लावून पाहा. लकव्याच्या बाजूला चटका कळत नसेल, तर कातडी भाजेपर्यंत पेशंट बोलणार नाही.

दुकानातून डायक्लोफेनॅकसारखी दुखीची गोळी परस्पर आणू नका. तिने रक्तदाब वाढू शकतो, आणि सोबत रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. गोळी डॉक्टरांना विचारूनच.

पंजा सुजून चकाकू लागला, गरम लागला, बोटं मिटताना कळ आली, तर त्याच आठवड्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात फिजिओथेरपिस्टला दाखवा. या दुखण्यात उशीर झाला की बोटं कायमची आखडतात. पडल्यावर खांदा दुखू लागला तर आधी एक्स-रे काढा. आणि खांद्यासोबत छातीत दाटून आलं, घाम सुटला, तर खांद्याचं दुखणं समजून बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.