डेस्कटॉपवरची पासवर्डची एक्सेल फाइल

इंदूरला मामांचा लॅपटॉप दुरुस्तीला टाकायला निघालो, तर डेस्कटॉपवरच फाइल: ‘बँक पासवर्ड’. आत कार्डाचा १६ आकडी नंबर, वर मागचे ३ आकडेही!

अशी फाइल असेल तर एवढं करा:

१. कीपासएक्ससी हा पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा फुकट प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतो, इंटरनेट लागत नाही.

२. त्यात नवा डेटाबेस, म्हणजे पासवर्डची कुलूपबंद फाइल, उघडा. मुख्य पासवर्डला एकमेकांशी संबंध नसलेले ५-६ शब्द घ्या. गराडू, छत्री, तराजू अशा थाटाचे. पण हेच नकोत. मामांना नातवाची जन्मतारीख हवी होती, मी हाणून पाडलं.

३. पासवर्ड, कार्डाचा नंबर, मुदत त्यात भरा. सीव्हीव्ही (कार्डामागचे ते ३ आकडे) आणि पिन मात्र डोक्यातच.

४. एक्सेल फाइल रिसायकल बिनमधूनही काढा. पुसलेली फाइल परत मिळवता येते, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड लगेच बदला.

५. डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर.

सांभाळा: इथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण नाही. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको. मामांनी पहिल्यांदा तिथेच ठेवला होता.