अभ्यंगानंतर टॉवेलला येणारा खवट वास: माझा अनुभव

थंडीत रोज तिळाचं तेल लावून आंघोळ करते. महिन्याभरात टॉवेलला खवट वास यायला लागला. सुकलेला टॉवेल ठीक वाटायचा, पण ओला झाला की जुन्या तळणीच्या तेलासारखा वास.

जास्त साबण, व्हिनेगर, फॅब्रिक सॉफ्टनर, सगळं करून पाहिलं. सॉफ्टनरने तर टॉवेल पाणीच टिपेना. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

धाग्यात राहिलेलं तेल हवेने खवट होतं आणि गार पाण्यात ते नीट सुटत नाही, हे कळल्यावर असं केलं:

आधी कोरड्या टॉवेलवर, जिथे हाताला चिकट लागतं तिथे, भांड्यांचं लिक्विड चोळून 15 मिनिटं ठेवलं. मग बादलीभर कडकडीत पाण्यात 2 मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून टॉवेल तासभर बुडवला. (हातमोजे घाला, लोकर-रेशमाला हा सोडा नको.) पाणी पिवळट झालं, वर तेलाचा तवंग आला. ते ओतून गरम पाण्यात नेहमीसारखा धुतला, दोनदा खळबळला, ओला असतानाच हुंगला आणि मग कडक उन्हात घातला. एका टॉवेलला हे दोनदा करावं लागलं.

आता आंघोळीआधी अंगाला कोरडं बेसन चोळते. तेल त्यातच येतं. पीठ वर्तमानपत्रावर झाडून कचऱ्यात टाकते, मोरीत नाही, तिथे त्याचा लगदा बसतो. मोरीची फरशी तेलाने निसरडी होते, तिच्यावर मात्र लगेच लिक्विड आणि ब्रश फिरवाच, घरात म्हातारं माणूस असेल तर आधी तेच.