पीस गार होऊ द्या

मेकॅनिकल करून चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो आणि मशीन शॉपला गेलो. अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरबॉक्स हाऊसिंगची लाइन होती. यंदा डिग्री घेऊन जी मुलं-मुली कंपनीच्या बसमध्ये बसणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. हाऊसिंगमध्ये 62 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, होता, त्यात 6206 नंबरचं बेअरिंग बसायचं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फर्स्ट शिफ्टला वॉशिंग मशीनमधून आलेला पीस उचलून मी बोअर गेज लावला, तर काटा अधिक 29 वर. मधोमध आणायचं म्हणून मी ऑपरेटरला बोअरिंग बार, म्हणजे भोक कापणारं हत्यार, 15 मायक्रॉननी कमी करायला सांगितला. त्यांना सगळे काका म्हणत. 20 वर्षं त्याच शॉपमध्ये काढलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, जरा थांबा. पीस गार होऊ द्या." डिस्पॅचची गाडी उभी होती, मी थांबलो नाही. दुपारी स्टँडर्ड रूममधून, म्हणजे मापं तपासायच्या खोलीतून, फोन आला, 40 पीस अंडरसाइज, बोअर लहान.

काकांनी मला काही ऐकवलं नाही. एक पीस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हाताला गरम लागतोय ना? मग त्याचं माप घ्यायचं नाही." सरफेस प्लेटवर मास्टर रिंगच्या (जिच्यावर गेज शून्याला लावतात, त्या नेमक्या मापाच्या कड्याच्या) शेजारी त्यांनी आधीपासूनच चार पीस गार करत ठेवले होते. मग मी कागदावर हिशेब मांडला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं. पीस रिंगपेक्षा 15 अंशांनी गरम असेल, तर 62 मिलिमीटरवर 21 मायक्रॉन जास्त दिसणार. म्हणजे काटा 29 दाखवत होता तेव्हा बोअर खरा 8 वर होता, आणि मी तो शून्याच्या खाली नेला. लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बोअर लहान राहिला होता म्हणून निदान वाचला. सेकंड शिफ्टला थांबून सगळे पीस पुन्हा बोअर करून घेतले.

त्या दिवसापासून कुठलंही सेटिंग बदलायला सांगण्याआधी मी ऑपरेटरला विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर पूर्ण ऐकतो. नव्या इंजिनिअरला मी पहिली सवय हीच लावायला सांगेन. वयाने मोठ्या माणसाला काका, मामा, दादा म्हणा. कंत्राटी मुलांना नावाने ओळखा. आमच्या लाइनवर अर्धी मुलं बिहार-यूपीची होती, त्यांच्याशी हिंदीत बोला. बिघाडाची पहिली खूण मशीनला हात लावणाऱ्यालाच कळते. आवाज बदलतो, चिपचा, म्हणजे कापलेल्या धातूच्या किसाचा, रंग बदलतो, पीस पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये तो बसताना किंचित अडतो. हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

दुसरं, स्टॉपवॉच घेऊन एक अख्खी शिफ्ट एका मशीनपाशी उभे राहा. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, 90 सेकंद असेल, तर चहा-जेवण सोडून साडेसात तासांत 300 पीस निघायला हवेत. आमच्याकडे 240 निघत. 60 पीस म्हणजे दीड तास. ब्रेकडाउनच्या वहीत फक्त 35 मिनिटं लिहिलेली. उरलेली 55 मिनिटं मला उभं राहूनच सापडली. बिन रिकामी म्हणून चार मिनिटं, गेज शेजारच्या लाइनवर गेला म्हणून सहा, इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं बदलायचं पातं, आणायला स्टोअरपर्यंत चालत. पाच मिनिटांचं थांबणं कुणी वहीत लिहीत नाही, म्हणून त्यावर कुणी काम करत नाही. गेजची दुसरी जोडी आणि मशीनजवळ इन्सर्टचा डबा, एवढ्यावर बराच वेळ परत मिळाला.

नाईट शिफ्ट टाळू नका. रात्री वरिष्ठ नसतात, निर्णय तुमच्यावर येतो, आणि मेंटेनन्सची माणसं निवांत शिकवतात. झोपेचे हाल होतात, पहिले दोन आठवडे अंग दुखतं, घरच्यांना काळजी वाटते. तरी सहा महिने करा.

सुरक्षिततेबाबत मात्र कुणाचंही ऐकू नका, काकांचंही नाही. मशीनमध्ये हात घालायचा तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, ते हात आत ओढतात. "दोनच मिनिटांचं काम आहे" असं कुणी म्हणालं, की आधी कुलूप.

पगाराचं विचाराल, तर सुरुवातीला आयटीतले मित्र पुढे दिसतात. मला दोन वर्षं ते टोचलं. मग खंडेनवमीला शॉपमध्ये पूजा होती. काकांनी मशीन पुसून झेंडूचा हार घातला आणि नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुम्ही फोडा, साहेब. यंदा हिने रिजेक्शन दिलं नाही."