मंजिष्ठा ओळखायची कशी आणि कुंडीत वाढवायची कशी

पावसाळा सुरू झाला की मला फोटो यायला लागतात, "ही मंजिष्ठा आहे का?" फोटोत फक्त पान असतं, बदामी आकाराचं, आणि दहातल्या सात वेळा ती गुळवेल निघते. पानावरून मंजिष्ठा, म्हणजे मुळांपासून लाल रंग देणारा हा वेल, ओळखू नका. ओळखायची ती खोडावरून आणि पेरावरून, म्हणजे खोडावर पानं फुटतात त्या गाठीवरून.

वेल हातात धरा. खोड चौकोनी लागतं, दोन बोटांत फिरवलंत की कडा जाणवतात, आणि बोट उलटं ओढलंत तर बारीक आकड्यांनी कातडी ओरखडते, सदऱ्याला तर चिकटूनच बसते. मग पेर बघा. एका पेरावर चार पानं फुलीसारखी, प्रत्येकाला लांब देठ. गुळवेलीचं पान एका जागी एकच येतं, तिथेच विषय संपला. आणि गंमत अशी की या चारातली खरी पानं दोनच, बाकीची दोन उपपर्णं, पानासारखी वाढलेली. फुलं बारीक, हिरवट पांढरी, पाच पाकळ्यांची, नंतर मिरीएवढी काळी रसाळ फळं. तरी शंका उरली तर बुंध्याजवळची थोडी माती बाजूला करून एखादं मूळ नखाने खरवडा, आत लालसर केशरी दिसलं पाहिजे. एवढ्यासाठी आख्खा वेल उपटू नका प्लीज.

ओळखायची अ‍ॅप याला कधीकधी गॅलियम म्हणतात. अगदीच चूक नाही, एकाच कुळातली जवळची नाती आहेत. युरोपात पूर्वी गादीत भरायचे ती बेडस्ट्रॉ म्हणजे हेच गॅलियम, त्यातल्या पिवळ्या फुलांच्या जातीच्या मुळांपासूनही लाल रंग निघतो. पण तिची पानं दोऱ्यासारखी बारीक, एका पेरावर आठ ते बारा, आणि फूल चार पाकळ्यांचं. इंग्लंडात राहणाऱ्या कोणाला लावायची तर ती लावा, आपल्याकडे सह्याद्रीत मंजिष्ठाच.

आता रोप. अभयारण्यातून काही आणायचं नाही. ओळखीच्या माणसाच्या रानात, बांधावर वेल असेल तर विचारून घ्या. नर्सरीतून घेताना पाटी वाचू नका, पेर बघा. मला एकदा मंजिष्ठा म्हणून भलताच वेल दिला होता आणि मी तो वर्षभर सांभाळला.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती छाटकलम करताना. "फांदी तोडा, मातीत खोचा" असं जो तो सांगतो. मी पहिल्या वर्षी चौदा कांड्या खोचल्या, आठ दिवसांत चौदाच्या चौदा काळ्या पडल्या. कारण साधं आहे, कोवळं खोड पाणी धरतं आणि कुजतं, मूळ फुटतं ते फक्त पेराला, आणि लोक नेमका पेरांमधला लांब तुकडा मातीत घालतात. तेव्हापासून मी फक्त दाब कलम करते.

जुलैत, वेल कुंडीत असतानाच, बुंध्याजवळची जून, तपकिरी पडलेली फांदी निवडायची. शेंड्याची हिरवी नको. वाकवायची ती दुपारी. सकाळी खोड पाण्याने तट्ट फुगलेलं असतं, कट्कन मोडतं, दुपारी थोडं मऊ पडतं. शेजारी माती भरलेली छोटी कुंडी ठेवा, एका पेराची पानं काढून ते पेर बोटभर खोल दाबा, तारेचा यू करून अडकवा, वर दगड ठेवा, शेंडा वीतभर बाहेर राहू द्या. मग पाच-सहा आठवडे हात लावायचा नाही. रोज उकरून मूळ आलं का बघणाऱ्यांची कलमं जगत नाहीत, मी बघितलंय. दाबलेल्या पेरातून नवा कोंब वर आला की मगच आईपासून कापा, त्याआधी नाही म्हणजे नाही.

बाकी सोपं आहे. कुंडी खोल घ्या, दीड फूट तरी, मुळं खाली जातात. लाल माती, शेणखत, जाड वाळू, पाणी तुंबता कामा नये. सकाळचं ऊन पुरतं. चढायला जाळी.

एप्रिल-मेमध्ये वरचा वेल वाळला तर मेला म्हणून फेकू नका. वीतभर ठेवून कापा, माती नुसती ओलसर ठेवा, पावसात परत फुटतो.

मुळं तिसऱ्या वर्षी काढा, ती पण निम्मीच, बुंधा परत लावून टाका. रंगवायचं असेल तर सुती कापड आधी हिरड्यात, मग तुरटीत भिजवून घ्या, आणि मुळांचं पाणी उकळू देऊ नका. बोट घातलं तर चटका बसेल इतपत गरम पुरे, उकळलं की लाल जाऊन तपकिरी येतं.