अर्ज उघडण्याआधी निकष लिहा

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी बारा वर्षं शिकवते आहे. उन्हाळी संशोधनाच्या जागा, पीएचडीचे प्रवेश, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागा, प्राध्यापकांच्या नेमणुका, अशा बऱ्याच निवड समित्यांवर बसले. इथले कितीतरी मराठी लोक आता टेबलाच्या याच बाजूला बसतात, कोणी मॅनेजर म्हणून, कोणी विभागप्रमुख म्हणून. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वांशिक समानता हवी यावर सगळे माना डोलावतात, पण कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) उमेदवाराचा अर्ज नेमका कुठे गळतो हे बघायला कोणी थांबत नाही. माझ्या अनुभवात तो मुलाखतीच्या खूप आधी गळतो, आणि गाळणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं.

माझ्या हातून एक असाच गळला. पहिल्याच वर्षी उन्हाळी संशोधनाच्या ६ जागांसाठी ८४ अर्ज आले होते. रात्री जेवणं उरकल्यावर मी ते भराभर चाळत होते. एका कृष्णवर्णीय मुलीच्या गुणपत्रिकेत सगळीकडे ए, फक्त एका सत्रात दोन सी, आणि ‘संशोधनाचा अनुभव’ हा रकाना कोरा. मी तिचा अर्ज बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी तीच मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. बोलता बोलता कळलं, त्या सत्रात ती आठवड्याला ३० तास गोदामात रात्रपाळी करत होती. ज्यांचा रकाना भरलेला होता, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो अनुभव बिनपगारी मिळवला होता. म्हणजे उन्हाळाभर त्यांचं घरभाडं भरणारं कोणीतरी होतं. मी गुणवत्ता मोजते आहे असं समजत होते आणि मोजत होते घरची ऐपत.

तेव्हापासून पहिला अर्ज उघडण्याआधी मी समितीला एका कागदावर निकष लिहायला लावते. चार किंवा पाच, जास्त नकोत. प्रत्येकासमोर दोन गोष्टी: या कामात हे कुठे लागतं, आणि अर्जात ते कशावरून दिसेल. ‘संशोधनाचा अनुभव’ हा निकष यातल्या पहिल्याच प्रश्नापुढे टिकला नाही. त्या जागेसाठी आम्हाला हवं होतं ते एवढंच: चिकाटीने एखादं काम शेवटाला नेणं, नोंदी नीट ठेवणं आणि न समजलेलं विचारणं. दोन वर्षं गोदामातल्या मालाचा हिशोब सांभाळलेल्या मुलीकडे यातलं काय नव्हतं?

ही माझी एकटीची कल्पना नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीत कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात ठेवत. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, त्यातलं नोकऱ्यांबद्दलचं कलम २ जुलै १९६५ ला लागू झालं आणि त्याच दिवशी कंपनीने चांगल्या जागांसाठी दोन लेखी चाचण्या सक्तीच्या केल्या. वरवर अट सगळ्यांना सारखी. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत शिकावं लागलं, ते त्यात अडकणार हे उघड होतं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की कामाशी संबंध नसलेली आणि एका वंशाच्या लोकांना बाहेर ठेवणारी अट चालणार नाही, मग हेतू काहीही असो. तुमच्या जाहिरातीतली प्रत्येक अट ‘या कामात हे कुठे लागतं?’ या प्रश्नातून काढून बघा. ‘नामांकित विद्यापीठाची पदवी’ ही अट सहसा तिथेच पडते.

इथे कायद्याची एक बाजू स्पष्ट ठेवा, कारण लोक हल्ली घाबरून काहीच करत नाहीत. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ ला दिलेल्या निकालानंतर प्रवेश देताना वंशाला वंश म्हणून वजन देता येत नाही. नोकरीत तर वंश बघून कोणाला घेणं किंवा नाकारणं १९६४ च्या कायद्यानेच बंद केलं आहे. पण त्याच २०२३ च्या निकालात हेही म्हटलं आहे की वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने निबंधात लिहिलं, तर त्यातून दिसणारं धैर्य किंवा जिद्द विचारात घेता येते. म्हणून निबंध वाचा, अख्खा वाचा. आणि निकष आधी लिहिणं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारणं, जाहिरात दूरवर पोचवणं, यातलं काहीही कायद्याच्या आड येत नाही.

नावाचा प्रश्न वेगळा. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो आणि बॉस्टनमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. मजकूर सारख्या तोडीचा, नावं मात्र काहींवर एमिली, ग्रेग, तर काहींवर लकिशा, जमाल अशी कृष्णवर्णीय वाटणारी. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी. आपलं आडनाव नीट न उच्चारणाऱ्या लोकांमध्ये आपण राहतो, त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगावं लागू नये. पहिल्या चाळणीला नाव, पत्ता आणि फोटो झाकून अर्ज द्यायला ऑफिसला सांगा. आमच्याकडे एक सहकारी आधी काळी पट्टी ओढून देतात आणि स्वतः गुण देत नाहीत.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी आपले गुण लिहून टाकायचे. हे पाळलं नाही तर सगळ्यात ज्येष्ठ माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. चर्चेत ‘हा आपल्यात रुळेल का?’ असं कोणी म्हणालं की मी शांतपणे विचारते, ‘कागदावरच्या कुठल्या निकषात हे बसतं?’ बहुतेक वेळा उत्तर नसतं. शिफारसपत्रांतही एकाला ‘तल्लख’ आणि दुसरीला ‘कष्टाळू, वक्तशीर’ असं लिहिलेलं सापडेल. विशेषणं सोडा, त्या व्यक्तीने प्रत्यक्ष काय केलं तेवढंच वहीत उतरवा.

मग आकडे तपासा. समजा ४० गोऱ्या अर्जदारांतून १२ मुलाखतीला आले, म्हणजे ३० टक्के. २० कृष्णवर्णीय अर्जदारांतून ४, म्हणजे २० टक्के. नोकरभरतीबद्दलच्या १९७८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमधला ठोकताळा असा की कमी दर हा जास्त दराच्या चार पंचमांशाच्या खाली गेला तर थांबून बघावं. ३० चे चार पंचमांश २४. आपले २०. अशा वेळी कोणाला आत ढकलायचं नाही. कोणत्या पायरीवर, कोणत्या निकषाने गळती झाली ते शोधायचं आणि पुढच्या वेळी तो निकष सुधारायचा. वंशाची माहिती अर्जदार ऐच्छिक देतात आणि ती एचआरकडे असते; तुम्ही नावांशिवाय फक्त बेरजा मागायच्या.

मुळात २० अर्जच आले नाहीत, तर? जाहिरात वेबसाइटवर टाकून वाट बघू नका. हॉवर्ड, स्पेलमन, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी अशा, मुळात कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेल्या कॉलेज-विद्यापीठांतल्या तुमच्या विषयाच्या विभागाला फोन करा, एखादं व्याख्यान द्यायला जा, आणि पुढच्या वर्षी परत जा.

निवड झाल्यावर मला सर्वांत जास्त खटकतं ते पैशाचं. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या लक्षात आलं की पदवीच्या तोंडावर आलेली मुलं काही शे डॉलरच्या थकबाकीपायी नाव कापलं जाऊन घरी जात आहेत. त्यांनी ती रक्कम छोट्या अनुदानातून भरायला सुरुवात केली. शिवाय समुपदेशन वाढवलं. पुढे तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवी मिळवण्यात गोऱ्यांच्या मागे राहिले नाहीत. तुमच्या विभागात हे कुठे घडतं ते बघा. आमच्याकडे परिषदेला जाणाऱ्या विद्यार्थ्याने विमान आणि हॉटेलचे पैसे आधी भरायचे आणि दोन महिन्यांनी परत घ्यायचे, अशी पद्धत होती. एका मुलाने ६२० डॉलर नाहीत म्हणून आपल्या संशोधनाचं पोस्टर दुसऱ्याकडून मांडून घेतलं, आणि ‘परीक्षा आहे’ असं कारण दिलं. आता तिकीट विभागाच्या कार्डावर निघतं. त्यासाठी एक फॉर्म आणि विभागप्रमुखांची सही लागते. प्रवासाच्या सहा आठवडे आधी मीच तो भरून नेते, म्हणजे मुलांना मागायला यावं लागत नाही.