फिनिक्समध्ये कुत्र्याला सावलीतून फिरवायचं असेल तर

अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात किंवा आसपास राहायला आलात आणि घरात कुत्रा आहे तर ट्रेल, म्हणजे फिरायची वाट, शोधताना लोक आधी झाडं बघतात, नकाशावर हिरवं दिसलं की निघाले. मी म्हणेन आधी पायाखालची जमीन बघा. आपल्या पायात बूट असतात, त्याच्या पायाला नुसती गादी, आणि इथलं डांबर भर उन्हाळ्यात दुपारी १६० फॅरेनहाइटच्या पुढे जातं. उन्हाळाच कशाला, एप्रिलमध्ये हवा ८७ असली आणि आपल्याला छान वाटत असलं तरी उन्हातलं डांबर १४० च्या वर असू शकतं. म्हणून दाराबाहेर पडलात की हाताची मागची बाजू जमिनीला टेकवा आणि सावकाश सात मोजा, मधेच हात उचलावासा वाटला तर फिरायला जायचं नाही, अंगणात शी-शू करून परत आत. पार्किंगचं डांबर ट्रेलच्या मातीपेक्षा जास्त तापतं, तेव्हा टेस्ट तिथेही करा, बऱ्याच कुत्र्यांचे पाय ट्रेलवर नाही तर गाडीपासून ट्रेलपर्यंतच्या त्या पन्नास पावलांत भाजतात.

आता वेळ. मे ते सप्टेंबर पहाटेच जायचं, संध्याकाळ अजिबात नाही. सूर्य गेला की थंड होतं हा आपला गावाकडचा हिशोब इथे चालत नाही, कारण डांबर, भिंती, काँक्रीट दिवसभर गरमी पितात आणि रात्री उशिरापर्यंत ती बाहेर सोडत बसतात. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० किंवा वर होता, २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० किंवा वर, आणि अशा दिवसांत रात्रीसुद्धा ९० च्या आसपासच असते. सगळ्यात गार वेळ म्हणजे सूर्योदयाच्या आधीचा अर्धा-एक तास, आणि अॅरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत त्यामुळे जूनमध्ये साधारण सव्वापाचलाच सूर्य वर येतो. म्हणजे पावणेपाचला दाराबाहेर, सहाच्या आत घरी. जड वाटतं माहितीये, पण पहिल्या आठवड्यानंतर कुत्राच तुम्हाला उठवायला येतो.

शहराचा नियमही आहे, २०१६ पासून हवा १०० फॅरेनहाइट किंवा जास्त असेल तर फिनिक्सच्या डोंगरांतल्या आणि प्रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्रांच्या, ट्रेलवर कुत्रा न्यायला बंदी आहे, पकडलं तर मोठा दंड होऊ शकतो. पण १०० ही मर्यादा फार वरची आहे, तिला सेफ समजू नका. काळा, जाड केसांचा, वयस्कर, जाडा किंवा पग-बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर ८० च्या वर गेलं की न्यावं की नाही याचा मी विचार करते. कुत्र्याला घाम फक्त पायाच्या गादीतून येतो, बाकी सगळी गरमी धापा टाकूनच बाहेर काढायची, आणि नाक चपटं असेल तर तेही धड जमत नाही. अजून एक, कॅमलबॅक डोंगराच्या दोन्ही वाटांवर आणि पिएस्टेवा पीक या डोंगराच्या शिखराच्या वाटेवर कुत्र्यांना वर्षभर मनाई आहे, हिवाळ्यातही, त्यामुळे तिकडे गाडी नेऊच नका.

मग जायचं कुठे? सोप्या आणि सावलीच्या वाटांमध्ये माझी पहिली पसंती मर्फी ब्रायडल पाथ. सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेने बेथनी होम रोडपासून अॅरिझोना कॅनॉलपर्यंत साधारण अडीच मैल, पूर्ण सपाट, पायाखाली बारीक दगडाची माती, आणि दुतर्फा जुनी मोठी झाडं. झाडं लावण्याचं काम १८९५ च्या सुमारास डब्ल्यू. जे. मर्फी यांनी सुरू केलं म्हणून त्यांचं नाव. इथे गारवा वाटण्याचं अजून एक कारण आहे, या भागातल्या बऱ्याच घरांना अजून पाटाचं पाणी मिळतं, ठरलेल्या दिवशी अख्खं अंगण पाण्याने भरतात, आणि ओल्या गवतावरून येणारी हवा दोन-चार अंशांनी तरी बरी लागते. रस्ता उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे सकाळी पूर्वेकडच्या झाडांची सावली पश्चिमेला लांब पडते, त्या सावलीत चालायचं आणि ती आखडायला लागली की मागे फिरायचं, घड्याळ बघावं लागत नाही. अडीच मैल पूर्ण करायचा हट्ट नको, उन्हाळ्यात जाऊन-येऊन एक मैल पुष्कळ झाला. दोन गोष्टी मात्र बघा: या भागात कुंपणाला कण्हेर खूप आहे, आपल्याकडची तीच विषारी कण्हेर, पडलेली वाळकी पानंसुद्धा कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नयेत. आणि टोकाला कॅनॉल लागतो तिथे लीश आखूड धरा, कडा काँक्रीटच्या आणि उतरत्या असतात, आत घसरलेल्या कुत्र्याला पंजे रोवून बाहेर येता येत नाही.

दुसरी जागा रिओ सालाडो, डाउनटाउनच्या दक्षिणेला सॉल्ट नदीच्या पात्रात शहराने पुन्हा उभं केलेलं जंगल. खाली पाण्याजवळ कॉटनवुड आणि मेस्कीटची झाडं दाट आहेत, वरच्या डांबरी वाटेवर मात्र ऊन थेट डोक्यावर, त्यामुळे खालचीच वाट धरा. मेस्कीटची सावली चांगली पण झाडाखाली काटे पडलेले असतात, कुत्रा अचानक लंगडला तर तिथेच थांबून पंजा बघा, पुढे ओढू नका. नदीचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. जवळच्या गिल्बर्ट गावाच्या बाजूला राहत असाल तर तिथलं रिपेरियन प्रिझर्व्ह, तळ्यांभोवतीच्या रुंद मातीच्या वाटा, पक्षी भरपूर, म्हणून कुत्रा शांत असेल तरच. आणि पालो व्हर्डेच्या भरवशावर राहू नका, हिरव्या खोडाचं ते झाड दिसायला सुंदर पण सावली जाळीसारखी, ऊन आरपार येतं.

सोबत काय घ्यायचं: पाणी, आपल्याला लागतं त्यापेक्षा जास्त, आणि घडीचा वाडगा. तहान लागायची वाट न बघता दर दहा मिनिटांनी पुढे करा, नाही प्यायला तर पंजे आणि पोट ओलं करा. लीश साधा, सहा फुटांपर्यंतचा, लांब सुटणारा दोरीवाला नको, कारण रॅटलस्नेक, इथले विषारी साप. मार्च ते ऑक्टोबर ते बाहेर असतात आणि भर उन्हाळ्यात पहाटे-रात्रीच फिरतात, म्हणजे नेमकी आपली वेळ, म्हणून वाटेच्या मधून चाला, टॉर्च ठेवा, झुडपात तोंड घालू देऊ नका. चावलाच तर कापणं-चोखणं-बांधणं काही करायचं नाही, कुत्र्याला उचलून सरळ इमर्जन्सी व्हेटकडे, घराजवळचा चोवीस तासांचा दवाखाना कुठला ते आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि खिशात एक रुंद दातांचा कंगवा आणि चिमटा पाहिजेच. चोया नावाचं निवडुंग आहे, त्याचे काटेरी गोळे जमिनीवर पडलेले असतात आणि नुसता स्पर्श झाला की चिकटतात. कुत्रा लगेच तोंडाने काढायला जातो आणि मग जिभेत, ओठात, सगळीकडे. आधी तोंड एका हाताने बाजूला धरा, दुसऱ्या हाताने कंगवा गोळा आणि कातडी यांच्या मधे सरकवा आणि एका झटक्यात अंगापासून लांब उडवा, स्वतःच्या दिशेने नाही. बोटं लावायची नाहीत. राहिलेले एकेक काटे चिमट्याने, घुसलाय त्याच सरळ रेषेत ओढून. तोंडात किंवा डोळ्याजवळ असतील तर घरी प्रयोग न करता व्हेट.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने वेगळी भानगड येते, सोनोरन टोड. तळहातापेक्षा मोठा बेडूक, पाऊस पडला की रात्री-पहाटे बाहेर येतो, कुत्र्याने तोंडात धरला तर अंगावरचं विष जीवघेणं असतं. लगेच डोकं खाली करून बाजूने पाणी सोडा म्हणजे ते पोटात न जाता बाहेर वाहील, ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि पुसत-पुसतच गाडीत बसा. बागेतसुद्धा येतो तो, त्यामुळे पावसाळी रात्री कुत्र्याला एकटं बाहेर सोडू नका.

चालताना सगळ्यात जास्त लक्ष कुत्र्याच्या जिभेवर ठेवा. कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तुम्ही चालताय म्हणून तोही चालतो, दमलोय हे सांगतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, प्रत्येक झाडाखाली बसायला लागला, की परत. लाळ घट्ट, हिरड्या गडद लाल, चाल डगमगती किंवा उलटी झाली तर तो उष्माघात आहे, सावलीत नेऊन साधं गार पाणी अंगभर ओता, वारा घाला, बर्फात बुडवू नका, आणि पाणी ओततच दवाखान्यात न्या, जरा बरा वाटला म्हणून घरी आणू नका, आतलं नुकसान नंतर दिसतं.

घरी आलात की बोटांच्या मधे, कानात, काखेत हात फिरवून बघा, वसंतात गवताची कुसळं तिथेच घुसतात. धुळीचं वादळ येणार असेल त्या दिवशी फिरणं रद्द, आणि एरवीही माती उकरायची सवय लागू देऊ नका, इथल्या मातीत व्हॅली फीव्हर या आजाराची बुरशी असते आणि ती धुळीबरोबर फुप्फुसात जाते. लक्षणं कित्येक आठवड्यांनी येतात, म्हणून कोरडा खोकला, ताप, जेवण कमी, विनाकारण लंगडणं असं काही दिसलं तर व्हेटला स्वतःहून विचारा की व्हॅली फीव्हरची ब्लड टेस्ट करूया का.