अनोळखी उपनगरात स्वस्त आणि झणझणीत जेवण शोधताना या चुका टाळा

मरोळला मीटिंग असते, भांडुपला साइट व्हिजिट, कांदिवलीला दोन दिवसांचं ट्रेनिंग. दुपारचा एक वाजतो, पोटात कावळे ओरडायला लागतात, दोनशेच्या वर खर्च करायचा नसतो आणि रोजचं तेच डोसा-पुलाव नको असतं. मुंबईच्या उपनगरांत अशा भुकेची उत्तम सोय आहे. ती सापडत नाही, कारण आपण चुकीच्या ठिकाणी आणि चुकीच्या वेळी शोधतो.

स्टेशनबाहेरच थांबणं. स्टेशनला लागून असलेली हॉटेलं घाईतल्या गिऱ्हाइकावर चालतात. तिथला माणूस उद्या परत येईलच असं नसतं, त्यामुळे पावभाजीपासून शेजवान राइसपर्यंत सगळं मिळतं आणि सगळ्याची चव सारखीच लागते. दहा मिनिटं आत चाला. जिथे वर्कशॉपमधली, गोदामातली, बँकेतली माणसं रोज जेवतात तिथे मालकाला चव सांभाळावीच लागते. पूल उतरण्याआधी पूर्व की पश्चिम हेही ठरवा. चुकीच्या बाजूला उतरलात तर अर्धी सुट्टी परत वळण्यात जाते.

मोबाइलमधल्या ताऱ्यांवर विसंबणं. तिथले अभिप्राय बहुतेक रविवारी कुटुंबासह आलेल्यांचे असतात. एसी, पार्किंग आणि पनीर यांना मार्क मिळतात. ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढीच पाटी असलेली खानावळ नकाशावर अनेकदा नसतेच. त्यापेक्षा रिक्षावाल्याला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. “इथे चांगलं हॉटेल कुठे आहे?” म्हटलं की तो तुमच्या शर्टाकडे बघून एसी हॉटेलात सोडतो. “दादा, तुम्ही स्वतः कुठे जेवता?” असं विचारलं की उत्तर बदलतं.

वस्ती न ओळखणं. ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. तिथे कोण राहतं, त्यावर तिथे काय चांगलं मिळेल हे ठरतं. भांडुपला कोकणातली माणसं भरपूर, म्हणून तिथे मालवणी थाळी, तिसऱ्या, कोंबडी-वडे शोधावेत. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर आलेले सिंधी वसले. तिथली दाल-पकवान खायची तर सकाळीच जावं, कारण तो नाश्ता आहे. कालिना-वाकोल्याकडे ईशान्य भारतातली मुलं-मुली राहतात, म्हणून त्या भागात नागा पद्धतीचं जेवण आणि राजा मिरची या जहाल तिखट मिरचीची चटणी मिळू शकते. खरं धाडस करायचं असेल तर ते तिथे करा. भांडुपला जाऊन पंजाबी थाळी मागवू नका.

वेळ आणि वार विसरणं. खाऊगल्ल्या बहुतेक संध्याकाळच्या; दुपारी तिथे शटर दिसतात. खानावळीचं मात्र उलट असतं, अडीचनंतर चांगला मासा संपलेला असतो. सोमवार, गुरुवार, श्रावण या काळात काही ठिकाणी सामिष शिजतच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणून तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका. त्याऐवजी सुकट, जवळा किंवा सुके बोंबील मागा. कांदा-कोकम घालून परतलेला जवळा आणि भाकरी हे पावसाळ्यातलं फार सुंदर जेवण आहे, आणि स्वस्तही.

रंगावरून तिखटपणा ठरवणं. लालभडक रस्सा पाहून माणसं घाबरतात आणि फिकट दिसणाऱ्या वाटीत बिनधास्त भाकरी बुडवतात. ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, तिखटपणा कमी. लवंगीचं उलटं: एवढीशी मिरची, पण घाम काढते. हिरव्या मिरचीच्या ठेच्याला लाल रंग नसतोच. “तिखट कमी करून द्या” म्हणण्यात अर्थ नाही, रस्सा सकाळीच पातेल्यात उकळलेला असतो. “काकू, आधी वाटीत थोडा चवीला देता का?” असं विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. थाळी लिमिटेड आहे का, जादा चपातीचे किती, हेही त्याच वेळी विचारून घ्या. बिल तिथेच फुगतं.

तरीही तिखट झोंबलंच तर पाणी ढोसू नका. मिरचीतला झोंबणारा घटक पाण्यात नीट विरघळत नाही, तो तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा नारळाच्या दुधाची सोलकढी घ्या, सोबत कोरडा भात खा. पोटाची काळजी असेल तर चुलीवर उकळत असलेलंच मागवा आणि कापून उघडा ठेवलेला कांदा सोडून द्या.

दुसऱ्या दिवशीही तिथेच काम असेल तर पैसे देताना “उद्या काय आहे?” हे विचारा. बऱ्याच खानावळींत वारानुसार पदार्थ ठरलेले असतात, आणि मटणाच्या दिवशी साडेबाराला पोचावं लागतं.